पावती नंबर बदलत नाही, गंजीतली जागा बदलते

पत्र

ताई, नमस्कार. मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, गाड्या तोलायच्या काट्यावर बसतो. एकोणीस सीझन झाले. दसऱ्यापासून होळीपर्यंत गाड्यांची रांग असते, आणि एक गाडी काट्यावरून उतरून दुसरी चढेपर्यंत जो वेळ मिळतो त्यात मला कविता सुचते. हाताशी कागद म्हणजे काटापट्टी, वजनाची पावती. तिच्या पाठीवर लिहितो. अशा नव्वदेक पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात आहेत. समोरच्या बाजूच्या तारखा आता पुसट होऊन रायल्या. ऐंशीएक कविता जुन्या रोजमेळाच्या दोन वह्यांत. पंधराएक फोनमध्ये, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या. चाळीस कविता २०१४ साली डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या, पण ती फाइल आता उघडली की सगळं इंग्रजी अक्षरांचं भजं दिसतं. एकूण सव्वादोनशे धरा. सगळ्या आमच्या बोलीतल्या.

औंदा संग्रह काढायचं मनात आहे. पुण्याचा भाचा म्हणतो, मामा, स्क्रिव्हनर घे, कविता लावायला तेच चांगलं. त्याचा मित्र म्हणतो, एआयला द्या, पाच मिनिटांत लावून देईल. मला एक्सेल येतं, टॅली येतं, बाकी काही नाही. घरी जुना विंडोजचा लॅपटॉप आहे, फोन अँड्रॉइड. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ म्हणजे कविता नीट लागतील? चार कविता सोबत पाठवतो.

– काटाबाबू (नाव छापू नका, मालक वाचतात)

उत्तर

भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा बिस्किटाच्या डब्यापाशी अडकले. सॉफ्टवेअरचं मागून बघू. आधी डबा काढा.

पट्टी कोणत्या कागदाची आहे? खडखड वाजणाऱ्या जुन्या प्रिंटरची, शाईच्या रिबिनीवर छापलेली असेल तर घाई नाही. पण तारखा पुसट होताहेत म्हणता, म्हणजे बऱ्याचशा एटीएमच्या पावतीसारख्या गुळगुळीत असणार. तो थर्मल कागद. त्यावर शाई नसतेच. कागदाला लावलेला थर उष्णतेनं काळा पडतो, तीच छपाई. खात्री करायची तर एका कोपऱ्यावर नख ओढून बघा, काळी रेघ उठली तर थर्मल समजा. हा कागद ऊन आणि गरमी खाऊन काही वर्षांत कोरा होत जातो, आणि टिनाच्या छपराखाली आपल्याकडचा मे महिना म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पाठीवरची कविता बॉलपेननं लिहिलेली आहे, ती टिकेल. जाईल ती समोरची बाजू : तारीख, वेळ, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन. म्हणजे कविता राहील आणि ती कधीची, कोणाच्या गाडीच्या वेळची, ते जाईल.

म्हणून पहिलं काम : प्रत्येक पट्टीचे दोन फोटो, पुढून आणि मागून, सकाळच्या उजेडात सावलीत ठेवून, फ्लॅश न लावता. डबा उन्हातून आणि स्वयंपाकघरातून हलवा. आणि कोणी प्रेमानं सुचवलं तरी लॅमिनेशन करू नका. गरम रोलरखालून थर्मल कागद अख्खा काळा होऊन बाहेर येतो. फोटो मात्र कोणाला पाठवताना पुढची बाजू पाठवू नका, त्यावर शेतकऱ्याचं नाव आणि माल आहे. ते तुमच्याकडे विश्वासानं आलेलं आहे.

फोटो काढतानाच पट्टीवर पेन्सिलीनं हलकासा नंबर टाका. ००१, ००२, ००३. डबा संपला की वह्या, मग फोन. जी हाताला येईल तिला पुढचा नंबर, बस. हा नंबर कवितेचा जन्मभराचा. पुढे ती संग्रहात सातवी येवो, सत्तरावी येवो की न येवो, नंबर तोच. पावती नंबर आणि गंजीतली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तुम्हाला कोणी शिकवायला नको, पण कवितेपाशी आलं की माणसं नेमकी हीच गफलत करतात. फाइलला '१२ वी कविता' नाव देतात, दुसऱ्या दिवशी ती चौथी होते, मग 'नवीन १२ वी', मग 'फायनल १२ वी', मग 'फायनल खरी'. अशा फायली मी पंधरा वर्षं उघडल्या आहेत. कवींच्या संग्रहांचा मजकूर लावणं हेच माझं काम होतं.

आता भाच्याचं. स्क्रिव्हनर वाईट नाही, उलट फार चांगलं आहे. २००७ साली मॅकसाठी आलं, पुढे विंडोजवर आलं. मुळात कादंबरीकार आणि पटकथा लिहिणारे यांच्यासाठी बांधलेलं, पण कवीलाही शोभतं. डाव्या बाजूला सगळ्या कवितांची यादी, समोर फळ्यावर टाचल्यासारखी कार्डं. एक कार्ड उचलून दुसरीकडे ठेवलं की खाली अख्खी कविता सरकते. दुरुस्तीआधी जुन्या पाठाची प्रत एका कळीवर बाजूला पडते. भाडं नाही, एकदाच पैसे. आणि एक गोष्ट मला त्यात मनापासून आवडते : फुकट चाचणीचे तीस दिवस कॅलेंडरचे नसतात, वापराचे असतात. आठवड्यातून दोनदाच उघडलंत तर ते तीस दिवस साडेतीन महिने पुरतात.

तरी तुम्हाला मी ते आज घ्या म्हणणार नाही. एक तर ते अँड्रॉइडवर चालत नाही, आणि तुम्ही लिहिता काट्यावर बसून. दुसरं, त्याचं एक काम म्हणजे एक फाइल नसते, लहान लहान फायलींचं पोतं असतं. पेनड्राइव्हवर नेताना त्यातलं अर्धंच गेलं तर घरी उघडत नाही. आणि तिसरं, खरं ते हेच : त्याच्या फळ्यावर जी कार्डं हलवायची ती तयार व्हायला हवीत, आणि तुमची कार्डं अजून डब्यात आहेत. ती एका जागी, एका लिपीत, एका पाठात आणण्याचं काम कोणतंही सॉफ्टवेअर तुमच्याऐवजी करत नाही. ते झालं की तुम्हाला येतं तेवढ्या एक्सेलमध्येही संग्रह लागतो.

एक्सेलमध्ये एक पान उघडा. रकाने एवढे : नंबर, शीर्षक, पहिली ओळ, शेवटची ओळ, तारीख, कुठून घेतली, कुठे छापून आली असेल तर ते, किती ओळी, आणि शेवटी 'घे – बघू – नको'. 'भाव', 'रस', 'विषय' असले रकाने सुरुवातीला करू नका. कविता लिहिणाऱ्यानं स्वतःच्या कवितेपुढे 'विषय : दुःख' असं लिहिलं की त्या दिवसाचं काम थांबतं, हे मी पाहिलंय. शेवटच्या ओळीचा रकाना मात्र सोडू नका. का ते पुढे सांगते.

आणि एक चूक माझ्याकडून घ्या, फुकट. एकदा १३० कवितांची अशीच यादी होती. मी फक्त शीर्षकाचा रकाना निवडला आणि अकारविल्हे लावला. प्रोग्रॅमनं विचारलंही होतं, शेजारचे रकाने सोबत हलवू का. मी न वाचता 'नको' दाबलं. शीर्षकं सरकली, ओळी जागच्या जागी. एकीचं नाव दुसरीच्या गळ्यात, आणि मला ते कळलं तिसऱ्या दिवशी, एक विरहगीत 'पोळा' या नावानं वाचताना. तुम्ही टॅलीवाले, तुमच्याकडून असं होणार नाही म्हणाल. तरी क्रम लावण्याआधी त्या पानाची एक प्रत काढून ठेवत जा.

टाइप करण्याचं काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि मी म्हणते ते तुम्हीच करा. रोज तीन कविता धरल्या तरी सव्वादोनशे कवितांना अडीच महिने. जिनिंग बंद असतं तेव्हा होऊन जाईल. टाइप करताना कविता पुन्हा हाताखालून जाते, आणि कोणती नको ते बोटांना आधी कळतं.

डीटीपीच्या त्या चाळीस कविता भजं दिसतात कारण त्या जुन्या पद्धतीच्या फाँटात आहेत. तिथे संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फाँट फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फाँट नाही तर मुखवटा नाही. फाँटाचं नाव कळलं तर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही मराठीच दिसेल अशा आजच्या पद्धतीत, बदलून देणारी साधनं आहेत, पण त्यात पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं फुटतात, रफार उडतो. छापील प्रत असेल तर चाळीस कविता सरळ पुन्हा टाइप करा. दुरुस्त करत बसण्यापेक्षा लवकर होतील.

आता ज्यासाठी हे उत्तर एवढं लांबतंय ते. तुमची पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड.

पाठवलेल्या चार कवितांत हा शब्द पाच वेळा आहे. मी फाइलमध्ये 'पऱ्हाटी' शोधलं, तर दोनदाच सापडली. डोळ्यांना पाचही ठिकाणी हुबेहूब एकच शब्द दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो दोन तऱ्हांनी लिहिलेला आहे. तो आडवा अर्धा र दोन वाटांनी येतो. एकात मुळातच वेगळं, खाली टिंब असलेलं ऱ हे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडलेला असतो. दुसऱ्यात साधा र, पायमोड, आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. एक बहुधा तुमच्या लॅपटॉपच्या कीबोर्डचं, दुसरं फोनच्या. कागदावर काही फरक नाही. पण उद्या तुम्ही संग्रहात पऱ्हाटीच्या कविता किती झाल्या ते मोजायला गेलात, तर अर्ध्या दिसणारच नाहीत. वारा म्हणाल तर 'वाऱ्यावर', दुसरा म्हणाल तर 'दुसऱ्याचं', आणि 'तऱ्हा', 'कोऱ्या', 'गोऱ्हा', सगळ्यांचं तेच. कापसाच्या मुलखातल्या कवीला हा रोग हमखास.

उपाय सोपा आहे, फक्त आधी करायला हवा. एकच वाट ठरवा. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी वापरत असाल तर ज्या कळीवर र आहे त्याच कळीवर शिफ्ट दाबलं की ऱ येतो, मग पायमोड, मग पुढचं अक्षर. फोनवरून आलेल्या कवितेतला तो शब्द जसाच्या तसा उचलून 'शोधा'च्या खणात चिकटवा आणि 'बदला'च्या खणात तुमचा ठरलेला टाइप करा.

आणि शोधा-बदला म्हटलं की दुसरा खड्डा. तुमच्या मनात येईल की कुठे 'मला' झालंय, कुठे 'मले' आहे, एका झटक्यात सगळीकडे 'मले' करून टाकू. थांबा. संगणक 'मला' ही दोन अक्षरं शोधतो, शब्द नाही. 'दमला' मध्येही 'मला' आहे, 'जमला' मध्ये आहे, आणि तुमच्या दुसऱ्या कवितेतल्या कमलाकाकूतही आहे. काकूची कमलेकाकू होईल आणि बैल दमला होता तो दमले होता. 'सगळे बदला' ही कळ कवितेच्या फाइलमध्ये वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. एकेक सापडवत जायचं, बघायचं, मग हो म्हणायचं.

बोलीचं एक पान वेगळं काढा. मले की मला, नाई की नाही, हाय की आहे, अन् की आन. एकाच रूपाला चिकटायलाच पाहिजे असं नाही. तुमच्या एका कवितेत बाप 'नाई' म्हणतो आणि काट्यावरचा बाबू 'नाही' म्हणतो, ते मला फार आवडलं, ते तसंच ठेवा. पण ठेवलंय म्हणून असावं, राहून गेलंय म्हणून नको. लेखनतपासणीच्या लाल रेघा बंद करा, नाहीतर प्रत्येक कविता शाळेतल्या वहीसारखी दिसेल आणि तुमचाच तुमच्या भाषेवरचा विश्वास उडेल. फोनच्या कीबोर्डमध्ये आपोआप दुरुस्ती बंद करा. बोलून टाइप करण्याच्या सोयीचंही तेच. तुम्ही 'मले' म्हणता, ती आपल्या मनानं 'मला' लिहिते आणि तुम्हाला सांगतही नाही.

भाच्याच्या मित्राला म्हणूनच नको म्हणा. एआयला कविता दिल्यात तर ते पाच मिनिटांत नक्की लावून देईल : पाऊस वेगळा, बाप वेगळा, कापूस वेगळा, शेवटी आशेच्या चार. ढिगाऱ्यांची ती वाटणी असते. आणि जाता जाता एखाद्या ओळीला हात फिरवलेला असला तर सव्वादोनशे कवितांत तुम्ही तो कुठे शोधणार?

टाइप झालं की लिब्रेऑफिस घ्या. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं. त्यातल्या रायटरमध्ये सगळा संग्रह एकाच फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक कवितेच्या शीर्षकाला 'हेडिंग १' ही शैली द्या, हातानं अक्षर मोठं-ठळक करू नका. मग एफ ५ दाबा. शेजारी एक खिडकी उघडते, तिच्यात सगळ्या शीर्षकांची यादी. त्यातलं एक शीर्षक ओढून वर नेलं की खालची पूर्ण कविता त्याच्यासोबत जाते. स्क्रिव्हनरच्या फळ्यावरची कार्डं तीच ही, फक्त साध्या कपड्यात. 'हेडिंग १' ला एकदाच सांगून ठेवा की नव्या पानावर सुरू हो, आणि अनुक्रमणिकाही त्यातूनच काढा. क्रम बदलला की तिला फक्त ताजी करायची, पान नंबर आपोआप बरोबर होतात.

ओळ मोडताना नुसतं एंटर नको, शिफ्ट-एंटर. एंटर फक्त कडवं संपल्यावर. म्हणजे रायटरला कडवं हा एक परिच्छेद आहे हे कळतं, आणि 'हा परिच्छेद दोन पानांत तोडू नको' असं त्याला सांगता येतं. नाहीतर कडव्याची शेवटची ओळ एकटी पुढच्या पानावर जाऊन बसते. मजकूर डावीकडेच धरा, दोन्ही कडांना ताणू नका. ताणला की तीन शब्दांची ओळ वाळत घातलेल्या लुगड्यासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरते. आणि फाँट बदलूनही बदलत नसेल तर घाबरू नका. रायटरमध्ये इंग्रजीसाठी एक खण आणि आपल्या लिपीसाठी दुसरा खण असतो, तुम्ही चुकीच्या खणात बदलत आहात.

आता क्रम. इथे यंत्राचं काम संपतं, असं म्हणायची पद्धत आहे, पण ते तितकं खरं नाही. यंत्र एक गोष्ट करू शकतं : हलवाहलव फुकट करतं. चुकीचा क्रम लावून बघायला काही लागत नाही, म्हणून चुकीचे भरपूर लावा. एक्सेलच्या त्या पानात 'क्रम-अ', 'क्रम-ब', 'क्रम-क' असे तीन रकाने जोडा. अ मध्ये पट्टीच्या तारखेनं लावा, सीझनच्या सीझन. ब मध्ये वर्ष विसरून शेताच्या चालीनं लावा, पेरणी, डवरणी, सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा), वेचणी, फरदड (मागाहून घेतलेला बहर), उलंगवाडी (शेवटची आवराआवर). क मध्ये तुम्हाला आतून वाटेल तसं. मला तुमच्या कवितांवरून वाटतं की तारखेचा क्रम सगळ्यात कोरडा निघेल आणि तरीही त्यातच काहीतरी असेल, कारण एकोणीस वर्षं एका माणसानं दुसऱ्यांचा माल मोजताना काय पाहिलं ते त्यात सरळ दिसेल. पण हा माझा अंदाज. लावून बघा.

आणि इथे तो शेवटच्या ओळीचा रकाना. क्रम लावला की सगळं झाका, फक्त पहिली आणि शेवटची ओळ ठेवा. मग एका कवितेची शेवटची ओळ आणि पुढच्या कवितेची पहिली ओळ लागोपाठ, मोठ्यानं वाचत खाली उतरा. दीड-दोन तासांत अख्खा संग्रह कानाखालून जातो, आणि कुठे ठेच लागते ते लगेच कळतं. तुमच्याच दोन कविता घ्या. पहिली संपते :

बैल गेले, गाडी गेली,
जू तेवढं रायलं.

आणि तुम्ही पाठवलेली पुढची सुरू होते :

आढ्याले टांगलं बापानं जू,
मी खालून पायलं.

तुम्हाला वाटलं असेल, जू आणि जू, छान जुळतात. मला ती जोडी खटकली. पहिली 'रायलं' वर थांबते ती बरोबर थांबते, पुढे रिकामं हवं. लगेच जू आढ्याला टांगलेलं दिसलं की पहिल्या कवितेचं उत्तर छापल्यासारखं होतं, आणि वर 'पायलं' नं तिचं यमकही पुरं केलं. मधे पाच-सहा कविता जाऊ द्या. वाचणारा जू विसरत आला असताना ते आढ्यावर दिसलं तर त्याचं वजन वेगळं. हे कोणत्या कळीनं कळत नाही, पण दोन ओळी शेजारी आणून ठेवायला कळ लागते.

किती कविता घ्यायच्या? गाठीला १७० किलो ठरलेले, संग्रहाला तसं माप नाही, पण छापखान्याला आहे. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यात छापतात. ९६ पानं म्हणजे सहा फर्मे. त्यातली आठ-दहा पानं नाव, अर्पणपत्रिका, मनोगत, अनुक्रमणिका यांत जातात. काही कविता दोन पानं खातील. म्हणजे सत्तर ते पंचाहत्तर कविता. सव्वादोनशेतून सत्तर.

दुखेल. तुम्ही काट्यावर बसता, तुम्हाला ठाऊक आहे की ओला कापूस भारी भरतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापतात, १२ च्या वर मालच घेत नाहीत. कवितेचंही तेच आहे. लिहिलेल्या दिवशी जी सगळ्यात वजनदार वाटली ती बहुधा ओली होती. म्हणून गेल्या सीझनच्या कविता या संग्रहात घेऊच नका, त्यांना वाळू द्या. जुन्यांपैकी ज्यांपुढे तुम्ही 'बघू' लिहाल त्या महिनाभरानं पुन्हा बघा. तेव्हाही 'बघू'च वाटलं तर ते 'नको' आहे. 'नको' म्हणजे पुसायचं नाही. ती ओळ त्याच पानात राहते, नंबरासकट.

प्रती : लॅपटॉपवर एक, पेनड्राइव्हवर एक, स्वतःच्या ईमेलवर दर रविवारी एक, फाइलच्या नावात तारीख घालून. जिनिंगच्या संगणकावर ठेवू नका, तो मालकाचा आहे आणि मालक वाचतात. व्हॉट्सॲप ही कवितेची तिजोरी नाही, फोन बदलला की जाऊ शकते. पट्ट्यांचे फोटो त्यावरून पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ते दाबले जाऊन पुसट होणार नाहीत.

हे सगळं झाल्यावर, पुढच्या संग्रहाच्या वेळी, भाच्याला स्क्रिव्हनरची चाचणी लावून द्यायला सांगा. तेव्हा तुमच्याकडे कार्डं असतील. आपली लिपी, विशेषतः पऱ्हाटी, त्यात आणि त्याच्या छपाईत नीट उमटते का, ते पैसे भरण्याआधी त्या तीस दिवसांतच बघून घ्या.

ता. क. : पाठवलेल्या तिसऱ्या कवितेत, विहिरीच्या, 'मला' दोनदा आलंय, बाकी सगळीकडे 'मले' आहे. ही फोनवर टाइप केलेली दिसते. ते 'मला' तुमचं की कीबोर्डचं, तेवढं मूळ पट्टी काढून बघा आणि मला कळवा.